बंगलोर अय्यंगार बेकरीची पाटी आणि आपल्या घरातला केक



गेले काही भाग आपण तोफा, तह आणि वेढे यांत घालवले. आज लढाई नाही. मी नोकरीतली बहुतेक वर्षं आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये काढली, म्हणजे रसद पुरवणाऱ्या खात्यात. लोक आम्हाला चेष्टेने ‘डाळ-तांदूळवाले’ म्हणायचे. तर त्याच रसदीच्या वाटेने आज स्वयंपाकघरात शिरायचं आहे. विषय आहे घरी केलेला केक.

हसू नका. निवृत्तीनंतर मी बेंगळुरूला स्थायिक झालो आणि नातवंडांच्या वाढदिवसाचे केक आता माझ्याकडे असतात. हिला गुडघ्यामुळे फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून हे खातं माझ्याकडे आलं. पण आज कृती सांगायला बसलेलो नाही. मला पडलेला एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

पुण्यात, ठाण्यात, नाशकात, कुठल्याही पेठेत किंवा कॉलनीत जा. एक पाटी हमखास दिसते : ‘बंगलोर अय्यंगार बेकरी’. कधी आधी ‘न्यू’ असतं, कधी ‘ओरिजिनल’. आपल्यापैकी अनेकांच्या पहिल्या वाढदिवसाचा केक तिथूनच आलेला असतो. आता विचार करा. अय्यंगार म्हणजे कडक सोवळ्याचे वैष्णव ब्राह्मण. अंडं घरात येत नाही, काहींच्या घरी कांदा-लसूणही नाही. केक म्हणजे साहेबाचा, अंड्याचा पदार्थ. मग हे दोघे एका पाटीवर आले कसे? आणि ज्या मराठी घरांत पाव खाल्ला म्हणून प्रायश्चित्त घ्यावं लागे, त्याच घरांत शंभर वर्षांच्या आत आजीच्या पंच्याहत्तरीला केक कापायला कसे लागले?

आधी पावाकडे जाऊ, कारण केकच्या आधी भांडण पावावरून झालं.

पाव हा शब्दच पोर्तुगीज. गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भट्टी आली. यीस्ट मिळेना तेव्हा माडाची ताडी घालून पीठ फुगवलं गेलं. पुढे गोव्याचे बेकर मुंबईला गेले. आता हिंदू माणसाच्या नजरेने बघा. पीठ मळणारा ख्रिस्ती, त्यात पाणी त्याच्या हातचं, वर ताडी. तीन कारणं झाली! आपल्याकडे गोष्ट सांगतात की विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्यायलं म्हणून गावच्या गाव बाटलं. ती गोष्ट प्रत्येक ठिकाणी खरी असेल असं मी म्हणत नाही. पण ती इतकी पसरली, यावरून पावाची भीती किती खोल होती ते कळतं.

म्हणूनच 1849 साली मुंबईत परमहंस सभा निघाली तेव्हा त्या मंडळींनी नेमका पावच निवडला. दादोबा पांडुरंग तर्खडकर, म्हणजे मराठी व्याकरणाचे दादोबा, त्यात होते. सभा गुप्त होती. जातिभेद मानायचा नाही अशी शपथ. पण नुसत्या शपथेवर कोणाचा विश्वास? म्हणून नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव सगळ्यांसमोर खायचा, असा दंडक होता. फौजेत आम्ही याला ‘परतीचा पूल जाळणं’ म्हणू. एकदा तो तुकडा गिळला की मागे फिरता येत नाही. पुढे 1860 च्या सुमाराला सभेची कागदपत्रं चोरीला गेली, नावं बाहेर पडायची वेळ आली आणि सभा मोडली. माणसं शूर होती, पण घरी आई होती, सासरे होते, मुलींची लग्नं व्हायची होती.

तीस वर्षांनी पुण्यात तेच. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी एका कार्यक्रमाला गेली. त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी नुसता कप हातात धरला. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव हा गृहस्थ खोडसाळच. त्यांनी नावांची यादी वर्तमानपत्रात छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळक आणि न्यायमूर्ती रानडे, दोघांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कप चहासाठी आणि बिस्किटासाठी! आज आपण हे हसत हसत सांगतो. पण रानड्यांच्या घरात त्या दिवसांत कोणी हसत नव्हतं.

आता बेंगळुरूला येऊ. शहाजीराजांच्या जहागिरीचा भाग आपण पूर्वी पाहिला, तो पुन्हा उगाळत नाही. टिपू पडल्यावर इंग्रजांची फौज आधी श्रीरंगपट्टणला होती. तिथलं हवापाणी सोसेना, ताप फार. म्हणून 1809 मध्ये छावणी बेंगळुरूला आणली. तेव्हापासून या गावाची दोन गावं झाली. पश्चिमेला जुनी पेठ, म्हणजे चिकपेट, बळेपेट, अव्हेन्यू रोड. पूर्वेला कॅन्टोन्मेंट. मधे पुढे कब्बन पार्क झालं. 1881 मध्ये म्हैसूरचं राज्य वडियारांना परत मिळालं, तरी कॅन्टोन्मेंट इंग्रजांनी स्वतःकडेच ठेवलं, ते थेट 1947 पर्यंत. एका शहरात दोन कारभार, दोन भाषा आणि दोन प्रकारच्या चुली.

छावणी म्हटलं की पाव आला, कारण गोऱ्या शिपायाचा शिधा पावावर चालतो. पाव आला की भट्टी आली, आणि भट्टी आली की नाताळचा केक आलाच. हे रसदीचं साधं गणित आहे. मेजवानीचे पदार्थ नेहमी शिध्याच्या गाडीवर बसून येतात.

माझ्या आधी दीडशे वर्षं एका फौजी कर्नलने या विषयात हात घातला होता. मद्रास कॅव्हलरीचे केनी-हर्बर्ट. ‘वायव्हर्न’ या टोपणनावाने त्यांनी 1878 मध्ये ‘क्युलिनरी जॉटिंग्ज फॉर मद्रास’ नावाचं पुस्तक काढलं. इंग्रज बाईने हिंदुस्थानात घर कसं चालवावं, मेजवानी कशी द्यावी, याचे धडे. त्यात स्वयंपाक्याला त्यांनी सरसकट ‘रामासामी’ म्हटलं आहे. त्याच्यावर चिडतात, त्याला शिकवतात, मधूनच त्याचं कौतुकही करतात. मला हे पुस्तक वाचताना साहेबापेक्षा रामासामीबद्दल जास्त कुतूहल वाटतं. घरापासून लांब, धुराने काळ्या झालेल्या खोलीत, विस्तवाच्या अंदाजावर, घड्याळ आणि थर्मामीटर नसताना तो स्पंज फुगवत होता. बंगल्यातल्या बाईसाहेबांच्या नावावर जे केक खपले, त्यातले बहुतेक त्याने केले असणार. त्याचं खरं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. कॅन्टोन्मेंटातलं बेकिंगचं ज्ञान या माणसांच्या हातांतून गल्लीबोळांत उतरलं, असं माझं मत आहे.

आता साल लक्षात ठेवा, 1898. त्या वर्षी बेंगळुरूत प्लेग आला. माणसं पेठ सोडून पळाली, आणि त्यातून पुढे बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या नव्या वस्त्या उभ्या राहिल्या. त्याच साली चिकपेटेत हासन जिल्ह्यातून आलेल्या तिरुमलाचार नावाच्या गृहस्थांनी भावाबरोबर बेकरी काढली. नाव ‘बंगलोर ब्रदर्स’, लोकांच्या तोंडी बी. बी. बेकरी. ही पहिली अय्यंगार बेकरी मानतात. आधी मिठाईचं दुकान होतं, आणि एका इंग्रज गिऱ्हाइकाने पाव भाजायला शिकवलं, असं सांगतात.

ही चाल बघा. पावाची अडचण काय होती? हात कोणाचे, पाणी कोणाचं, आत काय. तिरुमलाचारांनी तिन्ही प्रश्न एका झटक्यात निकालात काढले. हात ब्राह्मणाचे, अंडं नाही. मग पेठेतल्या सोवळ्या घरालाही तक्रारीला जागा उरली नाही. परमहंस सभेने पाव खाऊन जात मोडायचा प्रयत्न केला. अय्यंगारांनी जात तशीच ठेवली आणि पाव आत घेतला. दिल्लीतही त्या काळात ‘हिंदू बिस्किट’ या नावाने बिस्किटं विकली जात होती. यातलं कोणतं बरोबर, ते तुम्ही ठरवा. धंदा कोणाचा चालला ते पाट्यांवरून दिसतंच.

त्यांच्या मागून हासनकडची माणसं येत राहिली. भाऊबंद, मेहुणे, गावातली पोरं. एकाने दुसऱ्याच्या भट्टीवर काम शिकायचं आणि स्वतःचं दुकान काढायचं. व्ही. व्ही. पुरमची व्ही. बी. बेकरी 1953 ची. हळूहळू ते हुबळीला, बेळगावला आणि तिथून आपल्याकडे आले. खारा बन, दिलपसंद, आणि तो हनी केक. पाकात भिजवलेला स्पंज, वर जॅम, त्यावर खोबऱ्याचा कीस. लिंगायत असो, जैन असो, देशस्थ असो, सगळ्यांना चालणारा.

पण कॅन्टोन्मेंटची बाजू एकट्या गोऱ्यांची होती असं समजू नका. फ्रेझर टाउनमध्ये मॉस्क रोडवर अल्बर्ट बेकरी आहे, 1902 ची. मालक मुसलमान, नाव अल्बर्ट, आणि गुड फ्रायडेला तिथे हॉट क्रॉस बनसाठी रांग लागते. कोशीज आज रेस्टॉरंट म्हणून माहीत आहे, पण त्याची सुरुवात 1940 मध्ये बेकरी म्हणूनच झाली. नीलगिरीजने 1936 मध्ये ब्रिगेड रोडला दुकान थाटलं, निलगिरीच्या डोंगरातलं लोणी इथे आणलं. चांगल्या लोण्याशिवाय केक नाही. बेंगळुरूला इंपीरियल डेअरी इन्स्टिट्यूट होती हेही आपण विसरतो. 1927 मध्ये गांधीजी तिथे जाऊन आले, आणि पुढे अमूलवाले कुरियन यांनी अमेरिकेला जायच्या आधी तिथेच प्रशिक्षण घेतलं.

हे झालं दुकानांचं. घरात केक कधी आला?

यात खरी अडचण ओव्हनची. आपल्या चुलीला आच खालून. केकला चारी बाजूंनी हवी. म्हणून बेंगळुरूच्या अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती घरांत सगळं घोटून, डबे भरून गल्लीतल्या बेकरीत नेत. पाव काढून झाल्यावर भट्टी निवत येते, तेव्हा तिची ऊब केकला अगदी बेताची असते. डब्यावर नावाची चिठ्ठी. कोणाचा डबा कोणाला गेला यावरून नाताळात भांडणं ठरलेली. आता हे ऐकताना तुम्हाला काही आठवलं का? आपल्याकडे दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मैदा, तूप, साखर डब्यात घालून बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून आणायची. मी स्वतः सायकलला पिशवी लावून गेलोय. बेकरीवाला आपलं तूप काढून ठेवतो, असा प्रत्येक आईचा संशय. त्यामुळे पोराला तिथे भट्टीसमोर उभं करायचं, पहाऱ्याला. माझी पहिली संत्रीची ड्यूटी तीच.

म्हणजे घरचा माल आणि दुकानाची आग, अशी वाटणी होती. पण एक गोष्ट इतिहास लिहिणाऱ्यांच्या नजरेतून निसटते. वरखाली आच देण्याची युक्ती आपल्या बायकांना साहेब यायच्या आधीपासून ठाऊक होती. कोकणातलं धोंडस घ्या. तवसं किसायचं, तांदळाच्या कण्या किंवा रवा, गूळ, खोबरं, आणि पातेल्यावर झाकण ठेवून झाकणावर निखारे. पाठारे प्रभूंचं भानोलं तसंच. गोव्याच्या बेबिंकाचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांवरच भाजतात. वसईच्या ईस्ट इंडियन घरांतही रव्या-नारळाचा केक थाळीत भाजतात. मग पुढे प्रेशर कुकरमध्ये वाळू घालून, शिटी काढून केक करायची जी टूम घरोघर आली, ती काय वेगळी होती? साधन नवं, अक्कल जुनीच.

इथे थोडं घरचं सांगतो.

1987 साली मी बेंगळुरूला एएससी सेंटरमध्ये होतो. क्वार्टर मिळालं नव्हतं म्हणून कॉक्स टाउनमध्ये भाड्याने राहत होतो. मुलगी दोन वर्षांची. त्या हिवाळ्यात आई रत्नागिरीहून आली. शेजारी एक अँग्लो-इंडियन आंटी होत्या, साठीच्या, एकट्या. आमच्या मुलीवर त्यांचा फार जीव. ऑक्टोबरातच त्यांनी बेदाणे, काळ्या मनुका आणि रसेल मार्केटमधून आणलेली संत्र्याची साल रममध्ये भिजत घातली होती. रम कोणाच्या कॅन्टीन कार्डावरची, ते विचारू नका. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्या बशीवर क्रोशाचा रुमाल टाकून केक घेऊन आल्या. आईने दोन्ही हातांनी बशी घेतली, हसून नमस्कार केला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा केक भांडीवाल्या बाईंना देऊन टाकला.

आता गंमत म्हणा की दैव म्हणा, त्याच बाई आंटींकडेही कामाला होत्या. त्यांनी तिथे जाऊन केकचं कौतुक केलं.

आंटी काही बोलल्या नाहीत. पण चार दिवस मुलीला हाक मारली नाही. मला कळलं तेव्हा मी आईवर चिडलो. आई शांतपणे म्हणाली, “अरे, टाकला तर नाही ना? खाणाऱ्याच्या तोंडी गेला. मी अंडं कसं खाऊ?” हिने मध्यस्थी केली, आंटींकडे जाऊन अंड्याचं कारण सांगितलं. आंटींनी कंडेन्स्ड मिल्क घालून बिनअंड्याचा केक केला आणि पाठवला. आईने तोही खाल्ला नाही. आता अडचण भांड्याची. डबा तोच ना!

बघा, रानड्यांच्या चहाला शंभर वर्षं होत आली होती आणि माझ्या घरात तेच प्रकरण नव्याने सुरू. फरक एवढाच की शंकराचार्यांच्या जागी मी होतो, आणि माझं कोणी ऐकत नव्हतं.

तोड आईनेच काढली. हिला म्हणाली, “त्यांना म्हणावं, आपल्या पातेल्यात, इथेच करा. मी शेजारी बसते.” मला लाजेने मान वर करवेना. मला वाटलं, आंटी आता कायमच्या तुटल्या. पण त्या आल्या. एप्रन बांधून, एका हातात मोजायचा डबा आणि दुसऱ्या हातात मिल्कमेडचा. समोर बांधकाम चालू होतं, तिथली वाळू आईने आधीच चाळून, धुऊन, उन्हात वाळवून ठेवली होती. दोघींची बोलायची भाषा म्हणजे मोडकं हिंदी आणि बरेचसे हातवारे. केक तळाला करपला, कारण आईने विस्तव मोठा ठेवायला लावला. वरचा भाग मात्र छान झाला होता. करपलेला थर सुरीने काढून आईने एक तुकडा खाल्ला, आंटींसमोर. मग आठ दिवसांनी आईने धोंडस केलं. आंटींनी ते खाऊन विचारलं, “यात अंडं नाही, मग धरलं कसं?”

प्रश्न अगदी शास्त्राचा आहे. केकमध्ये अंडं दोन कामं करतं. घोटताना हवा धरून ठेवतं आणि आच लागली की घट्ट होऊन तिला आत कोंडतं. इंग्रजांचा जुना पाऊंड केक म्हणजे मैदा, लोणी, साखर, अंडी सगळं समभार. जुन्या बायका तराजूच्या एका पारड्यात अंडी ठेवत आणि दुसऱ्यात बाकीचं एकेक करून तोलत. अंडं काढलं की फुगवायला दुसरं काहीतरी हवं. ते दिलं बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधवाल्याने. त्याच्या बायकोला अंडं सोसत नसे, म्हणून 1837 मध्ये त्याने बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली. तिला यीस्टही चालत नसे, म्हणून 1843 मध्ये बेकिंग पावडर. ती पावडर पुढे क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश फौजेने वापरली, हे मी डाळ-तांदूळवाला म्हणून अभिमानाने सांगतो. एका माणसाने बायकोच्या पथ्यासाठी जे शोधलं, ते हजारो मैलांवर आमच्या आईच्या सोवळ्याच्या कामी आलं.

आपल्याकडे याला जोड मिळाली ती डब्यातल्या आटवलेल्या दुधाची. नेस्लेचा पंजाबात मोग्याचा कारखाना 1961 मध्ये सुरू झाला. मिल्कमेडमध्ये साखर आहे, दुधातलं प्रोटीन आहे, म्हणजे अंड्याची थोडी भरपाई होते. पुण्याच्या वाईकफील्डची बेकिंग पावडर आणि कस्टर्ड पावडर घरोघर होतीच. गुजराती, मारवाडी आणि आमच्यासारख्या घरांत बिनअंड्याचा केक या तीन-चार डब्यांवर उभा राहिला. त्यातच वर काचेची खिडकी असलेला, ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला. त्यात तापमान ठरवता येत नसे. एक तर चालू, नाहीतर बंद. पण केक फुगताना दिसायचा. आमच्या घरी तो पहिल्यांदा लावला तेव्हा शेजारची सहा मुलं टीव्ही बघावा तशी त्या खिडकीभोवती बसली होती.

आणखी एक बदल वाट्या-चमच्यांचा. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ 1970 मध्ये आलं आणि मराठी बाईला शेर-मापट्यांऐवजी वाटी-चमच्याच्या मापाची सवय लागली. भाजीत अंदाज चालतो. केकमध्ये चालत नाही. तिथे माप चुकलं की तासाभराने शिक्षा, आणि अपील नाही.

बेंगळुरूत याच काळात शिकवण्याची सोय झाली. नीलगिरीजच्या रामचंद्रन यांनी बेकिंगची शिक्षणसंस्था उभी केली, आणि 1970 च्या दशकाच्या मध्यापासून नाताळात इथे केकचं प्रदर्शन भरू लागलं. साखरेचे किल्ले, साखरेची देवळं, माणसाएवढ्या मूर्ती. मुलांना घेऊन तिकिटाच्या रांगेत आम्हीही उभे राहिलोय. मला स्वतःला खायच्या वस्तूचा किल्ला बघवत नाही, पण ते प्रदर्शन पाहून कित्येक बायकांनी क्लास लावला हे खरं. त्याशिवाय घराच्या गॅलरीत चालणारे छोटे क्लास. तमिळ, कोकणी, सिंधी, मराठी बायका एका टेबलाभोवती, हातात वह्या. हिनेही असाच एक क्लास केला. तिची वही अजून आहे, तुपाच्या डागांनी पानं पारदर्शक झालेली.

फौजेतलं एक सांगतो आणि आवरतो. लेहला असताना नाताळात लंगरमध्ये केक करायचं ठरलं. साडेअकरा हजार फूट. बेंगळुरूचं माप लावलं आणि केक असा फुगला की सगळे टाळ्या वाजवायला लागले. पाचव्या मिनिटाला मधोमध खड्डा! उंचीवर हवेचा दाब कमी, पाणी 88 अंशांच्या आसपास उकळतं, वायू भराभर पसरतो आणि पीठ धरायच्या आत निसटतो. पावडर जवळजवळ निम्मी केली, आच वाढवली, तेव्हा तिसरा केक जमला. पहिले दोन जवानांनी कस्टर्ड ओतून संपवले. बेंगळुरू तीन हजार फुटांवर आहे. इथे तेवढा फरक पडत नाही, उलट लोणी बाहेर ठेवलं तर बहुतेक महिने हवं तसं मऊ राहतं. चेन्नईला ते वितळतं, लेहला दगड होतं. या शहरात केक रुजला त्यात हवेचाही वाटा आहे.

2020 च्या टाळेबंदीत यीस्ट मिळेनासं झालं होतं, इतकी माणसं घरात पाव-केक करायला लागली. आमच्या सोसायटीतल्या तिघी-चौघींनी त्यातूनच घरगुती धंदा उभा केला. अंडं घालून आणि न घालता, दोन्ही. फोनवर पहिला प्रश्न अजून तोच असतो : “एगलेस आहे ना?” तिरुमलाचारांना 1898 मध्ये हाच प्रश्न आला असणार.

आईने शेवटपर्यंत अंड्याचा केक खाल्ला नाही. तिच्या ऐंशीला मी पुण्यात अय्यंगार बेकरीतूनच केक आणला, तरी तिने मला दुकानात परत पाठवून खात्री करून घ्यायला लावली. आंटी मात्र त्याच्या खूप आधी, नव्वदच्या दशकात, भावाकडे पर्थला गेल्या. जाताना त्यांनी आम्हाला तो मोजायचा डबा दिला. तो म्हणजे पन्नास सिगारेटींचा जुना पत्र्याचा डबा होता, त्यांच्या वडिलांचा, रेल्वेतला. त्यांच्या सगळ्या कृती त्या डब्याच्या मापात. दोन डबे मैदा, एक डबा साखर, असं.

गेल्या महिन्यात मुलीने फोनवर विचारलं, “बाबा, आंटींच्या केकला मैदा किती ग्रॅम?” डब्याच्या कडा गंजल्यात, म्हणून मी तो आता वापरत नाही. पण काढला, पुसला, मैदा भरला आणि काट्यावर ठेवला. सपाट भरला तर एका डब्याला 125 ग्रॅम. तसं तिला कळवून टाकलं. मागून ही म्हणाली, “सपाट नव्हत्या हो भरत त्या, शिगोशीग भरायच्या.”